फोनने आपोआप केलेला व्हिडिओ ठेवायचा आणि मूळ क्लिप्स उडवायच्या?

चिडका_बिब्बा

काल ‘निवांत’ यांनी लिहिलं होतं: फोन आता स्वतःच क्लिप्स निवडतो, कापतो, वर संगीत घालतो, महिनाअखेर तयार व्हिडिओ हातात, मी तो सेव्ह करते आणि मूळ क्लिप्स उडवून टाकते, एडिटिंग करत बसायला वेळ कुणाला आहे? त्यावर बदामांचा नुसता पाऊस. तिथे दोन ओळींत मावेना म्हणून हा वेगळा धागा.

व्हिडिओ आपोआप बनतो याला माझी हरकत नाही. बनू दे. पण तो नेमकं काय निवडतो हे कधी नीट बघितलंय का? चेहरा स्पष्ट हवा, डोळे उघडे हवेत, हात हललेला नको, कुणीतरी हसत असेल तर फारच उत्तम. या चाळणीतून जे खाली पडतं ते तुम्ही कचरा म्हणून फेकताय.

माझ्याकडे आजीची एक क्लिप आहे. ती विणताना टाके मोजतेय. मध्येच माझ्यावर खेकसते, “तो फोन ठेव आधी बाजूला, माझे टाके चुकतात,” आणि परत पहिल्यापासून मोजायला लागते. चित्र म्हणाल तर निम्मा वेळ तिचा गुडघा आणि लोकरीचा गुंडा. फोनने त्यातून उचललं काय, तर ती चुकून कॅमेऱ्याकडे बघते ते दोन सेकंद. आवाज गायब, वर पियानो, आणि शीर्षक ‘आनंदाचे क्षण’! आनंदाचे कसले, चांगली वैतागली होती ती. आता आजी नाही. मूळ क्लिप उडवली असती तर माझ्याकडे एक पियानो राहिला असता.

निवांत

वा, आमच्या नावाने धागा! आभारी आहे.

एकच विचारते. त्या मूळ क्लिप्स तुम्ही उघडून कधी बघता? खरं सांगा. माझे बाबा फोनमध्ये काही शोधू शकत नाहीत, दोन वेळा बोट फिरवलं की गोंधळतात. पण सकाळी स्क्रीनवर आपोआप आलेला व्हिडिओ ते चहा गार होईपर्यंत परत परत बघतात. नातीचं नाव त्यातून आठवतं त्यांना. तुमच्या त्या पवित्र मूळ फायलींमधून त्यांना काय मिळणार होतं?

आणि जागेचं काय? ४के मध्ये, म्हणजे जास्त स्पष्ट चित्रात, सेकंदाला ३० फ्रेम्सने शूट केलं तर आयफोनवर मिनिटाला १७० एमबी जातात. गूगलचे फुकटचे १५ जीबी दीड तासाच्या आत संपतात. गूगल फोटोजनेही अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून बंद केली. दरमहा पैसे तुम्ही भरणार आहात का माझे?

कातरवेळ

हौशी एडिटर या नात्याने थोडी भर. यात नवीन काही नाही. एचटीसी वन हा फोन २०१३ मध्ये आला तेव्हाच तो ३० सेकंदांचा आपोआप व्हिडिओ करून द्यायचा. ॲपलने ‘मेमरीज’ २०१६ मध्ये आणलं. गोम अशी की काप बऱ्याचदा संगीताच्या ठेक्यावर पडतो. समोरचा माणूस वाक्याच्या मध्यात आहे की शेवटाला, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. म्हणून बोलणारी माणसं या व्हिडिओंमध्ये नुसती तोंड हलवणारी दिसतात.

निवांतताई, आयफोनवाल्यांना एक सूचना: ती मेमरी म्हणजे वेगळी फाइल नसते. व्हिडिओ म्हणून सेव्ह केली नाही आणि मूळ उडवलं, तर मेमरीतूनही ते जातं.

निवांत

मी सेव्ह करते. वरती लिहिलंय. वाचत चला.

आगाऊ_पाहुणी

मुद्दा थोडा वेगळा, पण राहवत नाही. आमच्या घरच्या ग्रुपवर जो तो जुने फोटो आणि व्हिडिओ ढकलत असतो. फोन त्यांना आलेल्या दिवसाची तारीख लावतो. परिणाम: ‘या वर्षीच्या आठवणी’ नावाच्या व्हिडिओत माझा नवरा शाळेच्या गणवेशात, आणि लगेच पुढच्या फ्रेममध्ये टक्कल. एका वर्षात एवढी झीज! मी काय इतकी वाईट आहे?

टेकाड्या

@आगाऊ_पाहुणी, हे सांगून सांगून घसा बसला माझा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की आकार लहान होतो आणि आतली मूळ तारीख, जागा वगैरे गळून पडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी जाते. पण नाही! ज्येष्ठ मंडळींना काही शिकायचंच नसतं. फॉरवर्डचं बटण तेवढं अचूक सापडतं.

दादासाहेब_७१

टेकाड्या, जपून. त्या ‘ज्येष्ठ मंडळींनी’ तीस-चाळीस वर्षं अल्बम सांभाळले, प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलने तारीख आणि नावं लिहिली. तुमच्या पिढीच्या फोनमध्ये हजारो फोटो, आणि कोण कुठला ते यंत्राला विचारायचं. शिकायचं नाही म्हणे! माझ्या मुलाला चार वेळा विचारलं, दर वेळी “थांबा हो, नंतर दाखवतो”. तो ‘नंतर’ अजून उगवायचाय.

टेकाड्या

काका, पेन्सिलने लिहिणारे लाखात एक. आमच्याकडच्या अल्बमात अर्धी माणसं कोण आहेत हे आता कुणालाच माहीत नाही. उगाच मागचं सगळं सोन्याचं करू नका.

आगाऊ_पाहुणी

अहो, भांडू नका. पण डॉक्युमेंट म्हणून पाठवलं की सासूबाई म्हणतात, “फोटो दिसत नाही, नुसता कागद आलाय.” तेव्हा टेकाड्यांचा उपाय आमच्या घरात बाद.

चिडका_बिब्बा

धागा कशावर होता, आठवतंय का कुणाला?

कातरवेळ

तुम्हीच आजी काढलीत, आता सगळं खानदान येणारच.

असो. मूळ विषयावर एक राहिलं. यंत्राला प्रसंग कळत नाही हा दोष खरा आहे. २०१४ च्या अखेरीस फेसबुकने ‘वर्षभराचा आढावा’ आपोआप दाखवायला सुरुवात केली, तेव्हा एका बापाच्या समोर त्याच वर्षी गेलेल्या त्याच्या लहान मुलीचा फोटो आला, भोवती नाचणाऱ्या माणसांची चित्रं. कंपनीला माफी मागावी लागली. आता ॲपमध्ये ठरावीक माणूस किंवा ठरावीक तारखा आठवणींतून वगळायची सोय असते. पण ती शोधून काढायची कुणी, तर ज्याच्या घरात माणूस गेलंय त्यानेच.

निवांत

हे मात्र पटलं. बाबांच्या फोनवर आईचे व्हिडिओ येतात. मी वगळायला गेले तर त्यांनी फोन हिसकावून घेतला. तेव्हा तिथेही सरसकट नियम करू नका.

चिडका_बिब्बा

बरं. बाबांचं जे लिहिलंत ते मान्य, त्यांच्यासाठी तो व्हिडिओ हवाच. पण बाबा स्वतः काही बोलत असतील अशा क्लिप्सना तरी हात लावू नका. बाकीच्या शंभर सूर्यास्तांचं काय हवं ते करा. १०८०पी मध्ये, म्हणजे त्याहून कमी स्पष्टतेत, शूट केलंत तर मिनिटाला ६० एमबीच जातात, ४के चा अट्टहास कुणी सांगितलाय?

निवांत

आज्ञा शिरसावंद्य, महाराज. बाबांच्या क्लिप्स ठेवते. हार्ड डिस्क कधी पाठवताय?

दादासाहेब_७१

ते डॉक्युमेंटचं कुणी नीट सांगेल का? टेकाड्या सोडून.

आगाऊ_पाहुणी

काका, चॅटमध्ये खाली पेपरक्लिपची खूण असते. ती दाबा, मग डॉक्युमेंट निवडा, मग फाइल.

दादासाहेब_७१

पेपरक्लिप नाही. अधिकचं चिन्ह आहे.

टेकाड्या

काका, आयफोन आहे तुमचा. तेच दाबा, पुढचं सगळं तसंच. आणि पाठवण्याआधी नावं लिहा, पेन्सिलने नाही, मेसेजमध्ये.