16 अँपियरच्या सॉकेटला लूपिंग (एका सॉकेटवरून पुढच्याला वायर नेणं) की वेगळी वायर?

प्रश्न: आईच्या ओट्यावरचं जुनं सॉकेट उघडलं. फेजच्या एका स्क्रूखाली तीन वायरी कोंबलेल्या, लाल इन्सुलेशन तपकिरी पडून बोटात चुरा झालं. आता तिथे इंडक्शन आणि ओव्हन दोन्ही हवेत. वायरमन पुन्हा लूपच म्हणतोय. काय करू?

उत्तर: ताई, वीस वर्षं हेच काम करतोय. 2000 वॅटचं इंडक्शन 230 व्होल्टला जवळपास 9 अँपियर ओढतं, वर ओव्हन. दोघांना डीबीपासून (घरातल्या मेन वितरण बॉक्सपासून) वेगवेगळ्या वायरी ओढा, प्रत्येकाला स्वतःची एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच). मिक्सर-चार्जरला लूप चालतं. तुमच्याकडे घात केला तो सैल स्क्रूने. मल्टिस्ट्रँड (अनेक बारीक तारांच्या) वायरला पिन लग, म्हणजे टोकावरची धातूची पिन, दाबून बसवा. सोल्डर मात्र लावू नका, स्क्रूच्या दाबाखाली तो हळूहळू दबतो नि पकड सुटते. घट्ट केल्यावर प्रत्येक वायर ओढून बघायचीच!

उत्तर: अर्थिंग सॉकेटमधून पुढे नेऊ नका. अर्थिंगच्या वायरी कनेक्टरमध्ये जोडून तिथून प्रत्येक सॉकेटला हिरव्या वायरचा तुकडा द्या. एक सॉकेट काढलं तरी पुढच्यांचं अर्थिंग शाबूत राहतं.

प्रश्नकर्ती: दादा, वेगळ्या वायरीच ओढून घेते. आई रोज ओल्या हातांनी तिथे वावरते हो.