मदत हवी आहे: ‘स्वतः करतो का?’ या प्रश्नाला आईने काय उत्तर द्यायचं?

नमस्कार मंडळी,

माझा धाकटा भाऊ २३ वर्षांचा, डाउन सिंड्रोम आहे. यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) त्याची पुन्हा तपासणी आहे. बुद्ध्यांकाच्या चाचणीची काळजी नाही, तिथे तो बसतो आणि जमेल तेवढं सोडवतो. घोळ आहे तो व्हाइनलँड नावाच्या दुसऱ्या चाचणीचा (व्हीएसएमएस). त्यात जेवण, कपडे, बोलणं, बाहेर जाणं, माणसांत मिसळणं याबद्दल घरच्यांना विचारतात आणि उत्तरांवरून सामाजिक वय काढतात, म्हणजे रोजच्या व्यवहारात तो किती वर्षांच्या मुलाइतकं करतो ते. आमच्याकडे उत्तरं देणार आई.

आता खरी परिस्थिती. अंघोळ तो स्वतः करू शकतो, मावशीकडे राहायला गेला की करतोही. घरी मात्र पाणी आई काढते, पाठ आई चोळते, शर्टही तीच काढून ठेवते. दूध आणायला जातो, पण पैसे आम्ही मोजून देतो आणि दुकानदाराला आधी फोन करतो. एसटीने एकटा कधी गेलाच नाही, कारण कुणी पाठवलंच नाही. मग ‘एकटा प्रवास करतो का?’ याला ‘नाही’ म्हणायचं?

त्यात नातेवाइकांचा सल्ला, “काहीच जमत नाही म्हणा, अपंगत्वाचे टक्के वाढतील.” सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्वाची अट मला माहीत आहे. पण हाच अहवाल संरक्षित कार्यशाळेच्या (अशा मुलांना देखरेखीखाली काम देणारी जागा) अर्जाला जोडायचाय. ‘काहीच जमत नाही’ असं लिहिलेल्या मुलाला ते मेणबत्त्या करायला कशाला घेतील?

तर, करू शकतो ते सांगायचं की रोज करतो ते? आणि आईसोबत मी बसले तर चालतं का?

(निरामय विमा, पेन्शन यांच्या लिंका नकोत प्लीज, ते झालंय.)

प्रतिसाद:

ताई, मी विशेष शाळेत शिकवते. व्हाइनलँड ‘सवयीने काय करतो’ हे बघते, ‘काय जमू शकेल’ हे नाही. पण संधीच मिळाली नसेल तर तशी वेगळी नोंद करता येते. म्हणून एसटीबद्दल ‘पाठवलेलं नाही’ असंच सांगा. मावशीकडची अंघोळही सांगा. तुम्ही सोबत जरूर बसा, आया सवयीने ‘मीच करते’ म्हणून मोकळ्या होतात.

कार्यशाळेला टक्क्यांच्या कागदाचा फारसा उपयोग नाही. बौद्धिक अक्षमतेसाठीच्या सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेची एफएसीपी नावाची तपासणीसूची आहे, ती एखाद्या विशेष शिक्षकाकडून भरून घ्या. एकटा काय करतो, कशाला तोंडी सांगावं लागतं आणि कुठे हात धरून करून घ्यावं लागतं, हे त्यात कळतं. कार्यशाळावाल्यांना तेच हवं असतं.