तळघरातलं पाणी: घर ‘रिकामं’ म्हणजे नक्की काय?

मंडळी,
आमच्या भाड्याने द्यायच्या घरात पाईप गोठून फुटला आणि तळघरात पाणी भरलं, ते रामायण सगळ्यांना ठाऊक आहेच. (पंप शनिवारी परत करते.) आज विमा कंपनीचा ॲडजस्टर (नुकसान तपासणारा) म्हणाला, भाडेकरू जाऊन 60 दिवस उलटले, म्हणजे घर ‘व्हेकंट’, पाण्याने झालेल्या नुकसानीचे पैसे मिळणार नाहीत. अहो, सोफा, फ्रिज, दोन पलंग तिथेच आहेत! हे दर रविवारी जाऊन हीटर बघतात. उद्या दुपारपर्यंत उत्तर द्यायचंय. यावर कोणी भांडलंय का?

---
पॉलिसी कुठली? स्वतः राहायच्या घराचीच चालू ठेवून भाडेकरू घातला असेल तर कंपनी आख्खा क्लेम उडवू शकते. गणपतीच्या मीटिंगला घसा कोरडा करून सांगितलं होतं, तेव्हा सगळे प्रसादाच्या रांगेत.

---
काका, भाड्याच्या घराचीच आहे. तुमचंच ऐकून घेतली.

---
वहिनी, व्याख्यांचं पान काढा. बऱ्याच पॉलिसींत सामान आहे पण माणूस नाही ते ‘अनऑक्युपाइड’, आणि दोन्ही नाही ते ‘व्हेकंट’. मुदतीची अट बहुधा ‘व्हेकंट’लाच असते. गोठलेल्या पाईपचं कलम वेगळं: घर गरम ठेवलं होतं, नाहीतर पाणी बंद करून पाईप रिकामे केले होते, हे दाखवावं लागतं. तेव्हा हीटिंगची बिलं जोडा. आणि नकार लेखी मागा, कलमाच्या क्रमांकासकट. तोंडी ‘नाही’वर गप्प बसू नका.

---
विम्याचं मला सांगू नका. आमच्या भाडेकरूने तीन महिने भाडं बुडवलं, पै मिळाली नाही.

---
मिळणारच नाही. घर राहण्याजोगं उरलं नाही, तेही विम्यात बसणाऱ्या नुकसानीमुळे, तरच बुडालेलं भाडं देतात. भाडेकरूने टांग मारली तर त्याचा विमा वेगळा.

---
हे मंडळाच्या हॉलच्या पॉलिसीबद्दल नाही ना? ती माझ्याकडे आहे. परस्पर कोणी एजंटला फोन करू नये.
– खजिनदार

---
नाही हो, आमच्या तळघराबद्दल.

पान सापडलं. व्हेकंट म्हणजे ‘राहण्यापुरतं सामान नसलेलं’. जीव भांड्यात पडला होता, तेवढ्यात हे म्हणाले की पलंग मध्येच कधीतरी गराजमध्ये आणून ठेवलेत. पाईप फुटायच्या आधी की नंतर, ते आठवत नाही म्हणे. आता फोनमधले फोटो तारखा लावून बघत बसलेत. पंप रविवारी मिळेल.