टर्बो आला म्हणून मोठं इंजिन मोडीत काढायचं?

हिमरेषा (धागाकर्ता):
परवा डोंगरातल्या स्नोमोबाइलबद्दल (आपल्या बर्फावरच्या इंजिनाच्या स्लेडबद्दल) एका महाशयांनी लिहिलं, "डोंगरात जायचं तर आता टर्बोच. मोठ्या बोअरचे (रुंद सिलिंडरच्या बिनटर्बो इंजिनाचे) दिवस संपले, ९०० सीसी घेणारा पैसे बर्फात पुरतो." खाली एकामागून एक सगळ्यांनी माना डोलावल्या. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

माना डोलावणाऱ्यांपैकी झाडीत स्लेड किती जण घालतात? मी घालतो, कॅनडातल्या रेव्हलस्टोकला, माझ्या ९०० वर. मोकळ्या उतारावर थ्रॉटल दाबून सरळ वर जायचं असेल तर टर्बो पुढे जाणार, त्यावर माझा वादच नाही. पण दाट फरच्या झाडीत, उताराला आडवं, स्लेड एका स्कीवर तोलून जाताना थ्रॉटलवरचा अंगठा क्षणाक्षणाला दाबतो नि सुटतो. तिथे मला अंगठ्याबरोबर फिरणारा ट्रॅक (स्लेडखालचा पट्टा) हवा. टर्बोचं धुराच्या जोराने फिरणारं चाक आधी वेग घेणार, मग इंजिनात हवा कोंबणारा दाब, मग ताकद. हा उशीर मोजायला गेलं तर किरकोळ आहे, पण समोर चार फुटांवर बुंधा असताना तो पुरून उरतो.

हे ऐकीव नाही. गेल्या हिवाळ्यात मित्राची बाहेरचं टर्बो किट बसवलेली स्लेड चालवली. वळणावर अंगठा सोडला, परत दाबला. काहीच आलं नाही म्हणून आणखी दाबला, आणि सगळं एकदम आलं. ए-आर्म (स्कीला धरणारा दांडा) वाकला आणि माझं मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये.

आणखी एक. पोलारिसने २०२२ च्या मॉडेलमध्ये पॅट्रियट बूस्ट हा टर्बो दिला. लगेच पुढच्या वर्षी त्याच कंपनीने ९आर आणलं, ८९९ सीसी, बिनटर्बो. मोठं इंजिन मेलं असतं तर टर्बो हाताशी असताना त्यांनी हे कशाला केलं असतं?

उंचीवरचा:
मनगटाचं वाईट वाटलं. पण एका पडण्यावरून इंजिनाचा निकाल लागत नाही. हिशेब करा.

३,००० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ७४ टक्के. म्हणजे खाली १६५ अश्वशक्ती देणारं बिनटर्बो ८५० तिथे १२२ च्या आसपास येतं. आता त्यात तुमचे ५० सीसी घाला, सरळ ६ टक्के धरू. झाले १२९. डोंगराने त्रेचाळीस नेले आणि मोठ्या बोअरने सात परत आणले. स्की-डू या ब्रँडचा कारखान्यातला ८५० टर्बो २०२० च्या मॉडेलपासून आहे, तो जवळपास २,४०० मीटरपर्यंत पूर्ण १६५ टिकवतो. पुढे त्याचाच १८० चा अवतार आला.

मी कोलोरॅडोतल्या व्हेल पास खिंडीत स्लेड उतरवतो. तिथला रस्ताच ३,२५० मीटरवर आहे, म्हणजे माझी सुरुवातच तुमच्या शेवटाच्या वर होते. तिथे तुमचं ९०० घेऊन या, मग झाडीबद्दल बोलू. आणि तुम्हाला पाडलं ते किट होतं. त्यावरून कारखान्यातल्या टर्बोला नावं ठेवणं हा अन्याय आहे.

जुना गडी:
दोघेही अर्धंच सांगताय.

आपल्या दोन स्ट्रोकच्या इंजिनात निम्मं काम धुराचा पाइप करतो. धुराची लाट पाइपच्या निमुळत्या भागावर आपटून परत येते आणि बाहेर निसटू पाहणारी ताजी हवा-इंधन सिलिंडरमध्ये ढकलते. त्या पाइपपुढे टर्बो बसवला की तिथला दाब बदलतो आणि सगळं गणित नव्याने मांडावं लागतं. शिवाय दोन स्ट्रोकला खाली तेलाची टाकी नाही, टर्बोच्या बेअरिंगला तेल वेगळं पोचवावं लागतं. कारखान्यांना इतकी वर्षं उगाच लागली नाहीत.

पण मोठ्या बोअरवाल्यांनीही छाती काढू नये. बोअर वाढलं की ज्योतीला लांब जावं लागतं, पिस्टनचा माथा जास्त तापतो, डेटोनेशन (आत इंधनाचा अनियंत्रित स्फोट) जवळ येतं. मी ८०० वर मोठ्या बोअरचं किट बसवून घेतलं होतं. बसवणाऱ्याने इंधनाचा मॅप (कधी किती सोडायचं ते) जुनाच ठेवला आणि मला म्हणाला, सगळं जुळवलंय. तिसऱ्या दिवशी एका खोलगट दरीच्या तळाशी इंजिन जाम. उघडलं तेव्हा एक पिस्टन एका बाजूने भिंतीवर माखलेला. १४ किलोमीटर ओढत आणली, पोचायला अंधार पडला. त्या दिवसापासून किट हा शब्द मला चालत नाही, बोअरचं असो की टर्बोचं. कारखान्यातून जे येतं ते घ्या आणि चालवायला शिका. नाचता येईना अंगण वाकडं, असं झालंय सगळ्यांचं.

पावडरवेडी:
जरा अवांतर, पण यावर कोणी बोलतच नाही म्हणून लिहिते. मोठ्या बोअरवाले पहिलं काम करतात ते मूळ मफलर काढून हलकं कॅन (जास्त आवाज सोडणारा मफलर) लावायचं. चार-पाच किलो वाचतात म्हणे! त्या चार-पाच किलोंसाठी सगळ्या दरीला ऐकवायचं? टर्बोत धुराची बरीच ऊर्जा टर्बाइन खातं, त्यामुळे आवाज आपोआप दबतो. माझ्या दृष्टीने टर्बोच्या बाजूचा सगळ्यात मोठा मुद्दा हाच.

आपल्या आवाजामुळे दऱ्या बंद होतायत. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात ७३ डेसिबलची मर्यादा कशी आली ते आठवा. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात कॅरिबूंसाठी (रानटी रेनडिअरसाठी) किती डोंगर बंद झाले!

हिमरेषा, सरळ विचारते. तुमच्या ९०० वर कॅन आहे का?

दोनस्ट्रोक्या:
ताई, कॅरिबूंचं कारण चुकीचं सांगताय. आवाजाने ते बिथरतात, नाही असं नाही. पण मोठी अडचण आपल्या ट्रॅकची आहे. खोल भुसभुशीत बर्फात लांडगे सहसा वर येत नाहीत. आपण दाबून कडक केलेली वाट मिळाली की त्यावरून सरळ कॅरिबूंच्या हिवाळी जागेपर्यंत पोचतात. चालवणारा मूळ मफलरवर असला तरी वाट तीच पडते. तेव्हा बंदीचं खापर कॅनवर फोडू नका.

पावडरवेडी:
लांडग्यांचं मलाही माहीत आहे. पण जंगलखात्याच्या बैठकीला कोण जातं? मी जाते, तीन हिवाळे जातेय. समोर बसलेले स्कीवाले आणि रहिवासी लांडग्यांबद्दल चकार शब्द काढत नाहीत. पहिलं वाक्य असतं, "सकाळी सातला घराच्या काचा थरथरतात." कारखान्यातून निघालेली स्लेड पूर्ण थ्रॉटलला १५ मीटरवरून ७८ डेसिबलच्या आत असावी लागते. हे मी तिथे सांगत असते, आणि नेमकी त्याच वेळी खिडकीबाहेरून एक कॅनवाली जाते. तेव्हा माझी काय अवस्था होते ते तुम्ही तिथे बसल्याशिवाय कळणार नाही. आपली बाजू मांडायला खोलीत आम्ही दोघीच असतो.

दोनस्ट्रोक्या:
तुम्ही बैठकांना जाता म्हणून बाकीच्यांनी बोलूच नये असं नाही ना? सगळा दोष मोठ्या बोअरवर का? टर्बोवालेही कॅन लावतात, डोळ्यांनी पाहिलंय. आणि माझ्या मूळ मफलरच्या गाडीलाही वाटेच्या तोंडाशी लोक शिव्या देतात.

पावडरवेडी:
देतात, कारण आदल्या दिवशी कॅनवाला गेलेला असतो! त्यांना स्लेड स्लेडमधला फरक कळत नाही. हेच तर मी ओरडून सांगतेय.

जुना गडी:
आवाज खाली ठेवा दोघांनी. बैठकांना कोणी जात नाही, हे तिचं म्हणणं खरं आहे. मीही गेलो नाही, आणि ती चूक माझी आहे. पुढची कधी आहे ते कळव.

आता मूळ विषय. उंचीवरचा, तुमच्या हिशेबात क्लच (इंजिनाची ताकद ट्रॅकला पोचवणारा भाग) कुठे आहे? उंचीवर ताकद घटली की बिनटर्बो इंजिन ठरलेल्या फेऱ्यांपर्यंत पोचत नाही. मग क्लचची वजनं हलकी करा, खाली आलात की परत जड करा. आमचं अर्धं आयुष्य बर्फात गुडघे टेकून वजनं बदलण्यात गेलं. टर्बोचा खरा फायदा मला तिथे दिसतो. ताकद सारखी, म्हणून क्लच सारखा. हे तुमच्या १२२ आणि १२९ पेक्षा मोठं आहे.

उंचीवरचा:
क्लचचं राहून गेलं, बरोबर.

रेव्हलस्टोकबद्दलही थोडं मागे येतो. ते गाव पाचशे मीटरच्याही खाली आहे, चालवायच्या जागा साधारण २,००० च्या आसपास. तिथे घनता ८२ टक्के, म्हणजे ९०० चे साधारण १४३ उरतात. एवढे झाडीत कोणालाही पुरेत. तिथेच चालवणाऱ्याने ९०० घेतलं तर मी त्याला वेडा म्हणणार नाही. पण कोलोरॅडो नि वायोमिंगच्या माणसाला हा सल्ला दिला तर म्हणेन. तिथली हवा तुमच्या अंगठ्याचं ऐकत नाही.

हिमरेषा:
रेव्हलस्टोकचं मान्य केलंत, एवढं पुरे. मी तिथेच चालवतो, आणि मूळ लेखकाने उंची न विचारता सगळ्यांना एकच माप लावलं, माझा राग त्यावर होता. तीन हजारच्या वर टर्बो घ्या, मी आड येत नाही. कारखान्यातला टर्बो मी चालवलेला नाही, हेही खरं. तो चालवेपर्यंत उशिराबद्दलचं माझं मत किटपुरतं धरा.

पावडरवेडी, हो, कॅन आहे. गेली दोन वर्षं. मूळ मफलर घरी खोक्यात पडलाय. या आठवड्यात परत बसवतो आणि बैठकीला जुन्या गड्याबरोबर येतो. ९०० मात्र विकणार नाही.