मदत हवी आहे: आईच्या खुब्याच्या हाडात कॅन्सर पसरलाय, ऑपरेशन करावं का नुसती लाईट (रेडिएशन) द्यावी?

सेलूकर_दादा

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवटच येतील.

आम्ही सेलू तालुक्यातले. आई 61 वर्षांची. 2018 मध्ये तिचं छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, केमो झाली, लाईट झाली, तेव्हापासून लेट्रोझोलची (हार्मोन कमी करणारी) गोळी चालू आहे. फाईलवर हार्मोन पॉझिटिव्ह (म्हणजे हार्मोनवर वाढणारा कॅन्सर), हर-टू (कॅन्सर वाढवणारं एक प्रथिन) निगेटिव्ह लिहिलंय. मधली वर्षं बरी गेली. आम्ही नको नको म्हणत असताना बाई कापूस वेचायला जायची.

या दिवाळीनंतर उजव्या जांघेत दुखायला लागलं. गल्लीतल्या समद्यांनी वात ठरवून टाकला (आपल्याकडं कमरेखालचं काहीही दुखलं की वातच असतो). रात्री कूस बदलताना कळवळायला लागली तेव्हा एक्स-रे, मग एमआरआय, मग पेट स्कॅन झालं. उजव्या खुब्याच्या वाटीचं हाड वरच्या अंगानं पोखरलंय. डावीकडं कमरेच्या हाडात एक बारकी जागा आहे. फुप्फुस, लिव्हर साफ.

आता अडचण अशी की दोन ठिकाणी दाखवलं आणि दोन मतं आली. कॅन्सरच्या डॉक्टरांचं म्हणणं, लाईट द्या, हाडांची झीज थांबवणारं झोलेड्रोनिकचं इंजेक्शन चालू करा, गोळी बदला. हाडाचे डॉक्टर म्हणतात, वाटी कधीही खचेल, आतलं खरवडून काढून सळया आणि सिमेंट भरू, वर कृत्रिम खुबा बसवू. खर्चाचा आकडा ऐकून वडील गप्पच बसले. दोघंही चांगले डॉक्टर आहेत, कुणी घाई केली नाही, पण एकमेकांशी बोलले असतील असं काही वाटलं नाही.

घरात आई प्लास्टिकची खुर्ची पुढं सरकवत, तिच्या पाठीला धरून न्हाणीपर्यंत जाते. उंबरठ्यापाशी खुर्ची अडते, तिथं कुणीतरी उचलून पलीकडं ठेवायची. हात दिलेला तिला आवडत नाही. परवा सरळ म्हणाली, "मला बरं करा म्हणत नाही मी. परसाकडं माझी मला जाता यावं, एवढं बघा."

म्हणून विचारतो. कुणाच्या घरी हे ऑपरेशन झालंय का? त्यानंतर माणूस चालतं का, किती दिवसांत? लाईटनं हाड पुन्हा भरतं का? मुंबईला न्यावं का संभाजीनगरलाच भागेल?

लातूरचा_हाडवैद्य

दादा, मी हाडांचाच डॉक्टर आहे, पण रिपोर्ट पाहिल्याशिवाय करा किंवा करू नका असं सांगणार नाही. काय विचारायचं ते सांगतो.

उभं राहिल्यावर अंगाचा भार मणक्यातून माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडावर आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या सांध्यांतून खुब्याच्या वाटीच्या छतावर येतो. बाकी ठिकाणी, म्हणजे कमरेच्या हाडाच्या पसरट भागात किंवा पुढच्या जघनाच्या हाडात गाठ असली तर बहुतेक वेळा ऑपरेशन लागतच नाही. त्यामुळं डावीकडची बारकी जागा सध्या बाजूला ठेवा. उजवीकडं छत किती उरलंय, तडा गेलाय का, हा खरा प्रश्न आहे. त्यासाठी साधा सीटी स्कॅन एमआरआयपेक्षा जास्त कामाचा.

लाईटनं दुखणं बऱ्याच जणांचं काही आठवड्यांत कमी होतं. हाडात ताकद यायला मात्र महिने लागतात, आणि तोवर भार जपूनच टाकायचा. ऑपरेशननं आधार लगेच मिळतो. वाळवी लागलेल्या आढ्याला लोखंडी टेकू द्यावा तसलं ते काम आहे, वाळवी त्यानं जात नाही. म्हणून जखम भरली की लाईट द्यावीच लागते, गोळ्याही चालूच राहतात.

हे मोठं ऑपरेशन आहे. रक्त बरंच जातं, जंतुसंसर्गाची आणि पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती असते, सावरायला दोन-तीन महिने सहज जातात. तेवढे महिने पेशंटच्या हातात नसतील तर आम्हीच नको म्हणतो. तुमच्या आईंचं लिव्हर-फुप्फुस साफ आहे आणि हार्मोनवाला कॅन्सर आहे. अशा बायका पुढं वर्षानुवर्षं काढतात, त्यामुळं विचार करण्याजोगी केस आहे. मधला मार्गही विचारा: काही ठिकाणी सीटीवर बघत सुईनं हाडात सिमेंट भरतात, चिरफाड नाही. सगळ्यांना ते चालत नाही, पण नाव काढायला हरकत नाही.

आणि बायोप्सी झाली का? इतक्या वर्षांनी आलेली गाठ आहे. तुकडा तपासल्याशिवाय चाकू लावू देऊ नका. हार्मोनचा रिपोर्टही कधी कधी बदललेला निघतो आणि त्यावर गोळी ठरते.

बालाघाटी

माझ्या वडिलांचं झालंय, पण त्यांचा मूत्रपिंडाचा कॅन्सर होता. त्यात गाठ रक्तानं भरलेली असते म्हणून ऑपरेशनच्या आधी नळी घालून रक्तवाहिन्या बंद केल्या होत्या. आधी वॉकर, मग काठी. काठी शेवटपर्यंत सुटली नाही, पण स्वतः जायचे-यायचे. एक गोष्ट आम्हाला कुणी आधी सांगितली नव्हती: उकिडवं बसणं कायमचं बंद. ऑपरेशन करा न करा, उंच कमोड आत्ताच बसवून घ्या, आणि तो उंबरठा फोडा.

पैशाचं म्हणाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आधी मंजुरी लागते. दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला गाठा, आणि कृत्रिम खुब्याचा खर्च त्यात धरलाय का हे आधीच विचारून घ्या. लाईट संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात होते, त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. ऑपरेशनच्या मतासाठी मात्र परळला टाटात जाऊन या. तिथं हाडाचे, लाईटचे, केमोचे डॉक्टर एकत्र बसून ठरवतात, तुम्हाला तेच हवंय. देवगिरीला खालचा बर्थ घ्या, कॅन्सर पेशंटला आणि सोबतच्या माणसाला रेल्वेत सवलत असते, फॉर्मवर दवाखान्याचा सही-शिक्का लागतो. राहायला दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे.

लातूरचा_हाडवैद्य

एक राहिलं. झोलेड्रोनिकच्या आधी दात दाखवून घ्या. किडका दात काढायचा असला तर आधीच काढावा, इंजेक्शन चालू असताना काढला तर जबड्याचं हाड चिघळू शकतं. किडनीची तपासणीही बघतात. मध्येच पायातली ताकद गेली, लघवी अडली किंवा आई बरळायला लागली, खूप तहान-खूप बद्धकोष्ठ झालं (रक्तात कॅल्शियम वाढल्याची खूण असू शकते), तर ओपीडीच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना.

सेलूकर_दादा

दोघांचेही आभार. बायोप्सी झालेली नाही, आज फोन करून तेच विचारलं, सोमवारी बोलावलंय. दुपारी चुलतभावानं छन्नी-हातोडा आणून उंबरठा काढून टाकला. आई म्हणाली, लक्ष्मी कुठून येणार आता. बद्धकोष्ठाचं वाचून दचकलो, तिला ते आहे, पण दुखण्याच्या गोळ्यांमुळं असेल असं धरून चाललो होतो. सोमवारी रक्तात कॅल्शियमही बघायला सांगतो.

टाटात जुनी फाईल दुसऱ्या दवाखान्याची असली तर पेट स्कॅनची सीडी चालते का पुन्हा काढायला लावतात? आणि बायोप्सीच्या काचपट्ट्या सोबत न्यायच्या का नुसता रिपोर्ट? कुणाला माहीत असेल तर सांगा, त्यावरून तिकिटाची तारीख धरतो.

बालाघाटी

काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळे (गाठीचा तुकडा ज्यात जपून ठेवतात ते), दोन्ही मागून घ्या. 2018 च्या ऑपरेशनचेही. सीडी आणि रिपोर्ट दोन्ही ठेवा, ताजा असला तर आमचा तरी पुन्हा काढायला लावला नव्हता.