विषय: ऑक्टोबरचा शेनंडोआ ट्रेक – गाड्या कुठे ठेवायच्या?

प्रेषक: अण्णा, सहल समिती

मंडळी, नमस्कार.

अ‍ॅपलाचियन ट्रेल या लांब पायवाटेचा यंदाचा तुकडा: शनिवारी थॉर्नटन गॅप ते स्कायलँड, मुक्काम तिथल्याच लॉजमध्ये, रविवारी स्कायलँड ते बिग मेडोज. रोजचे आठ-दहा मैल चालणं जमेल. डोकेदुखी गाड्यांची आहे. माणसं ११, गाड्या ३: दोन सात सीटच्या आणि माझी पाच सीटची.

स्कायलाइन ड्राइव्ह म्हणजे शेनंडोआ राष्ट्रीय उद्यानातला डोंगरमाथ्यावरचा रस्ता, तिथे सगळे पत्ते मैलांच्या खुणांवर. थॉर्नटन गॅप ३१.५, स्कायलँड ४१.७, बिग मेडोज ५१. वेगमर्यादा ताशी ३५ मैल, म्हणजे एकेका टप्प्याला वीस मिनिटं, हरीण आडवं आलं तर पंचवीस. त्यात ऑक्टोबरातला शनिवार. पानांचे रंग बघायला अख्खं वॉशिंग्टन लोटतं. साडेआठच्या आत फाटक ओलांडलं नाही तर रांगेतच डबे उघडायची पाळी.

माझा बेत: सगळ्यांनी आधी थेट स्कायलँडला जायचं, माझी गाडी तिथे सोडायची, मोठ्या गाड्यांतून परत खाली थॉर्नटन गॅपला यायचं आणि चालत वर जायचं. संध्याकाळी मी दोन्ही चालकांना खाली नेऊन सोडेन, ते गाड्या वर आणतील.

– अण्णा

---

प्रेषक: माई

अण्णा, सकाळच्या रांगेच्या वेळी वर-खाली कशाला? उलटं चालूया. स्कायलँड ३६८० फुटांवर आहे, थॉर्नटन गॅप जेमतेम २३००. फाटकातून आत शिरलं की लगेच पॅनोरामाचं पार्किंग लागतं. एक मोठी गाडी सामानासकट तिथे ठेवायची. उरलेल्या दोन गाड्यांत १२ जागा, आपण ११, एकाच फेरीत वर. संध्याकाळी चालत खाली उतरलो की गाडी समोर. तिच्यातून सात जण आधी वर लॉजला जातील, ती परत येईपर्यंत चौघांनी पाऊण तास थर्मासमधला चहा प्यायचा. मी त्या चौघांत.

मेरीज रॉकच्या शिखरावरून खाली येताना गुडघे बोलतात हे मान्य. काठ्या आणा.

– माई

---

प्रेषक: दादा

माईंचं पटलं. पण चाव्यांचं कोणीच बोलत नाहीये, म्हणून जुनं पाप कबूल करतो. मागच्या तुकड्याच्या वेळी शेवटच्या ठिकाणी ठेवलेली गाडी माझी होती. दहा मैल चालून तिच्यापाशी पोचलो आणि आठवलं, चावी जॅकेटच्या खिशात, जॅकेट सुरुवातीच्या गाडीत. फोनला रेंज नाही. बायको अजून ‘जॅकेट घेतलंस ना?’ असं विचारते, तेही भर उन्हाळ्यात.

तेव्हा सूचना. रविवारी दोन गट करू. सहा जण स्कायलँडहून निघतील. पाच जण माझी मोठी गाडी घेऊन बिग मेडोजला जातील, ती तिथे ठेवतील आणि उलट दिशेने चालत येतील. म्हणजे दुसऱ्यांदा गाडी आणायला जाणं वाचलं. वाटेत रॉक स्प्रिंग हट या निवाऱ्याच्या फाट्यावर भेटू, तिथे चावी हातोहात.

– दादा

---

प्रेषक: माई

आणि नाही भेटलो तर? एक गट फोटो काढत बसला, दुसरा हॉक्सबिल शिखर चढायला वळला की झालं. सहा जण कुलूपबंद गाडीभोवती उभे.

प्रत्येक गाडीला दोन चाव्या असतात, दादा. दुसरी घरी खुंटीला टांगलेली आहे ना? ती आणा. एक चावी गाडी नेणाऱ्यांकडे, एक तुमच्या कमरेच्या पाउचमध्ये, आणि तुम्ही सहा जणांच्या गटात. मग फाट्यावर भेटायचं ते फक्त लाडू वाटायला. चाकाखाली चावी लपवायच्या भानगडीत पडू नका, हल्लीच्या गाड्या चावी जवळ असली की दार उघडतात.

बॅगांचंही सांगते: आपली बॅग ज्या गाडीपाशी आपण *पोचणार* तिच्यात. सुटतो तिच्यात नाही.

– माई

---

प्रेषक: अण्णा

ठरलं. शनिवार माईंचा, रविवार दादांचा, चाव्या माईंच्या. दादांची गाडी चालवणाऱ्याचा विमा चालतो का, ते दादांनी आपल्या एजंटला विचारून कळवावं.

प्रवेश दर गाडीला ३० डॉलर, सात दिवस चालतो, त्यामुळे पावती रविवारपर्यंत जपा. वार्षिक पास असेल त्याने आधीच हात वर करावा.

शुक्रवारी रात्री मी प्रत्येकाला फोन करणार आहे. प्रश्न एकच: दुसरी चावी कुठे आहे? दादांना दोनदा.

– अण्णा