मुलाच्या अंगठ्याचे नख पुन्हा मांसात रुतले आहे : फिनॉलची शस्त्रक्रिया पावसाळ्यात करावी का?

नमस्कार. आम्ही गुहागर तालुक्यात राहतो. माझ्या अकरा वर्षांच्या मुलाच्या उजव्या पायाच्या अंगठ्याचे नख आतल्या बाजूने मांसात रुतते. उन्हाळ्यात एका डॉक्टरांनी अंगठा बधिर करून नखाची तेवढी कड काढली होती. परंतु नख वाढून पुढे आले आणि ऐन पावसाच्या तोंडावर दुखणे पुन्हा उपटले. आता नखाच्या कडेला डाळिंबाच्या दाण्याएवढा लालभडक मांसाचा कोंब आला असून मोजा त्याला चिकटतो आणि काढताना रक्त येते. थोडा पू आहे. ताप नाही, लालीही अंगठ्याच्या पलीकडे सरकलेली नाही.

कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवणे, नीट कोरडा करून नखाच्या कोपऱ्याखाली कापसाची बारीक वात सरकवणे आणि नख गोलाई न देता सरळ कापणे हे सारे चालू आहे. अडचण बुटांची आहे. शाळेत ते सक्तीचे आहेत आणि रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंबून न्हाणीच्या चुलीजवळ ठेवले, तरी सकाळी आतला तळवा ओलसरच लागतो. भिजून मऊ पडलेल्या कातडीत नखाची धार सहज शिरते, त्यामुळे घरचे उपचार आषाढात कितपत टिकणार, ही शंकाच आहे.

चिपळूणच्या सर्जननी या वेळी कड काढून तिच्या मुळाशी फिनॉल (नखाचे मूळ जाळणारे रसायन) लावण्याचा सल्ला दिला आहे, म्हणजे तेवढी पट्टी पुन्हा उगवत नाही. नख कायमचे किंचित अरुंद दिसेल, त्याचे आम्हाला काही वाटत नाही. मात्र या जखमेतून काही आठवडे पाणी झिरपत राहते, असेही ते म्हणाले. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांबावे, तर तोवर पू वाढण्याची भीती आहे.

ज्यांच्या मुलांवर याच वयात फिनॉलची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी कृपया सांगावे, की जखम पूर्ण कोरडी व्हायला किती काळ लागला आणि पावसात शाळेला जाता-येता ड्रेसिंग कसे सांभाळले? प्लॅस्टिकची पिशवी बांधली की आत घाम धरतो. हळद-खोबरेलासारखे उपाय कृपया सुचवू नयेत; उघड्या जखमेवर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही लावणार नाही. तसेच पुढची बाजू उघडी असलेल्या सँडलला शाळेकडून परवानगी मिळवताना डॉक्टरांची चिठ्ठी पुरली का, हेही कळवावे.